दोर मेव्हण्याच्या हातात

“प्लेट वापरायची नसेल, तर मी ती आणली कशाला?” साइट इंजिनिअरने विचारले.

ते सांगलीचे होते. मुंबईतल्या एका गिर्यारोहकाकडून त्यांनी ती मिळवली होती. ॲल्युमिनियमची लहान चकती, मध्ये दोन खाचा. खाचेतून दोराचा फास ओढून तो झडपेच्या कडीत, म्हणजे कॅराबिनरमध्ये, अडकवायचा. वरचा माणूस पडला की चकती दोर जागच्या जागी आवळते. सत्तरच्या दशकात आमच्यापैकी कोणी अशी वस्तू पाहिली नव्हती.

मी लष्करात कडे चढायला शिकवत असे. निवृत्तीनंतर घाटरस्त्यांवरचे सुटे दगड काढणाऱ्या ठेकेदाराकडे लागलो. साताऱ्याजवळच्या या घाटात माथ्याची कड मुरमाड होती, वरून दोर सोडता येत नव्हता. खालून दोन टप्प्यांत चढायचे होते. पहिला टप्पा एका अरुंद पायरीवर संपे. तिथे एकाने थांबून पुढे जाणाऱ्याचा दोर धरायचा. याला बिले म्हणतात.

“साहेब, चकती चांगली आहे. कडा चांगला नाही,” मी म्हणालो.

चढणारा जाताना फटीत पोलादी खिळे ठोकतो आणि दोर त्यांतून नेतो. पडला तर झटका खिळ्यावर येतो. इथे काळ्या दगडाच्या मध्ये तांबडा, ठिसूळ थर होता. चकतीने दोर एकदम थांबवला असता, तर खिळा उपटला असता. जुन्या पद्धतीत दोर धरणारा तो कमरेमागून घेतो आणि थोडा घसरू देत थांबवतो. झटका कमी बसतो, पण घसरता दोर हात भाजतो. म्हणून चामड्याचे हातमोजे घालायचे.

“जबाबदारी तुमची.”

“माझीच.”

चढणारा मारुती वडूजकडचा. त्याच्या टोळीत दोर धरायला बायकोचा भाऊच लागे. बहिणीचे कुंकू दोराला बांधलेले असताना भाऊ तो सोडणार नाही, असा हिशेब. मारुतीचा मेव्हणा शंकर दिवाळीनंतर सैन्यभरतीला उभा राहणार होता. रोज पहाटे पळायचा. घरची जमीन कोरडवाहू, भाऊ तीन. दुसरी वाट दिसत नव्हती.

“दाजी, पडू नगा. अक्का मला घरात घ्यायची न्हाई,” पायरीवरून तो ओरडला.

“तू झोपू नगंस म्हंजे झालं, फौजी!”

मी खाली रस्त्यावर होतो. शंकरचे हात मला दिसत नव्हते.

दुसऱ्या टप्प्याच्या मध्यावर तांबड्या थरातला दगड मारुतीच्या हातात आला. तो पडला. दोर सुटत गेला, मग थांबला. मारुती खिळ्याखाली लटकून शिव्या देत होता, म्हणजे जिवंत होता. शंकरचा आवाज नव्हता.

मी पायरीवर पोहोचलो. हातमोजे शंकरच्या पायाशी नीट जोडून ठेवलेले होते.

“का काढलेस?”

“मोज्यात दोर कळत न्हाई. दाजी सरकत्यात का थांबल्यात, हाताला कळाय नगं व्हय?”

दोर माझ्या कमरेला घेऊन मी मारुतीला खाली घेतले. मग शंकरची मूठ उघडली. उजव्या तळव्याला कातडी नव्हती.

तो खिळा नंतर नुसत्या हाताने निघाला. चकती असती तर मारुती वाचला नसता, हे इंजिनिअरनेही मान्य केले.

जखम भरली. भरतीच्या डॉक्टरांनी शंकरला मूठ आवळायला सांगितली. अंगठ्याजवळची दोन बोटे अर्ध्यावर थांबली. मी सोबत गेलो होतो. घडले ते सांगितले.

“सुभेदारसाहेब, ट्रिगर कोणत्या बोटाने ओढतात?” त्यांनी विचारले.

त्यांनी पुढच्या मुलाला बोलावले.

शंकर आणखी दोनदा भरतीला गेला. नंतर गेला नाही. त्या हातात खुरपेही धड बसत नसे. मारुतीने टोळी सोडली. सणाला त्याची बायको एकटीच माहेरी येई. सासरवाडीच्या पंगतीत समोर बसून डाव्या हाताने जेवणारा मेव्हणा त्याला बघवत नसे.

नवे चढणारे मला विचारतात, बिलेसाठी कोणते साधन घ्यावे. आधी खिळा पाहा, असे मी सांगतो. पडणाऱ्याचा झटका कोणाला तरी घ्यावा लागतो. तो कोणी घ्यायचा, एवढेच साधन ठरवते.