विलायती फुलांचं बी

माळीणबाई फूल कधी हातात देत नसे. ज्याला हवं त्याला वेलीवरून तोडायला लावी. "तोड ना वं, भेतं काहून? फूल तोडलं नाही तं वेल शेंगेले लागते, मंग फुलणं बंद."

अमरावतीत आमच्या बिऱ्हाडामागेच तिची वाडी. मी कोकणातली, चौथीतून शाळा सुटलेली. नवरा दिवसभर कापसाच्या जिनात. मला विंचवाची भीती, उन्हाची भीती, आणि इथल्या बोलण्याची सगळ्यात जास्त. कुणी साधं विचारलं तरी भांडल्यासारखं वाटे. माळीणबाईनंच मला जवळ केलं. दसरा झाला की ती पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, ओळीनं रोवी आणि बुडाशी त्या विलायती फुलांचं बी लावी. वेल अगदी वाटाण्यासारखा. थंडीत जांभळी-गुलाबी फुलं येत, वास आमच्या चुलीपर्यंत. कॅम्पातल्या साहेबांच्या बंगल्यांत ती फुलं फक्त तिच्याकडून जात.

लढाई सुरू झाली आणि विलायतेहून बियांची पाकिटं यायची थांबली. त्या वर्षी फुलं ओसरत आली असताना ती दोन दिवस रिद्धपूरला लेकीकडे गेली. "वेलाकडे पाह्यजो," एवढंच सांगून. कुंपणाकडचा एक वेल शेंगांनी भरला होता. आता फुलणं बंद होणार म्हणून मी घाबरले, सगळ्या तोडल्या. टाकवेनात, म्हणून उसळ केली.

ती परतली तेव्हा मी जेवत होते. तिनं कढईत पाहिलं आणि माझं ताटच ओढून घेतलं. "किती खाल्लं? खरं सांग मले!" तिच्या बापाचे पाय लाखोळीच्या डाळीनं गेले होते, आणि हा वेल त्याच जातीचा, असं ती म्हणे. मग आठ दिवस रोज सकाळी ती मला अंगणात चालायला लावी आणि माझ्या पावलांकडे बघत बसे. शेंगा बियांसाठी राखल्या होत्या, हे मला मागाहून शेजारणीकडून कळलं.

पुढच्या थंडीत पऱ्हाट्यांवर भाजीचा वाल चढला होता. बंगल्यावरचा खानसामा फुलं मागायला आला.

"बी उंदरानं खाल्लं," ती म्हणाली.

"इतकी वर्षं नाही खाल्लं! आताच बरी भूक लागली उंदराले?" तो हसला. "मंग आमी शेवंतीच घेतो, टेशनाजवळच्या माळ्याकडून."

मी विहिरीपाशी घागर धरून उभी होते. शेंगा मी तोडल्या हे सांगायला हवं होतं; मी पाणी शेंदत राहिले. तो गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "भरली ना घागर? आन इकडं, डोक्यावर देतो."

पुढच्या उन्हाळ्यात नवऱ्याची नोकरी अकोल्याला लागली. निघताना मी तिच्या पाया पडले. बोलायचं होतं ते तेव्हाही जमलं नाही.