ग्राहकांची खुर्ची

आमच्या दुकानात साबणांचं कपाट संपतं तिथे काचेची एक खोली आहे, दवाखान्याची. डॉक्टर कॉम्प्युटरच्या पडद्यावर, बाकी सगळं सिस्टर. सव्वीस वर्षं मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात काढून त्या इथे आल्या आणि पहिल्याच दिवशी मला बिलिंग काउंटरवर गाठून म्हणाल्या, "पाय सुजलेत तुमचे."

"तुम्ही तुमचं बघा," मी म्हटलं. माझा स्वभावच तसा.

सरकारने अशा दवाखान्यांना तीन महिन्यांची परीक्षा लावली होती. तीनशे पेशंट तपासले तर चालू, नाहीतर बंद. त्यात मोठ्या हॉस्पिटलात पाठवलेला माणूस मोजायचाच नाही, हे आणखी शहाणपण! एक गृहस्थ छातीत जळजळतं म्हणून गोळी मागायला आले, सिस्टरांनी थेट ॲम्ब्युलन्स बोलावली. माणूस वाचला, पण आकड्यात शून्य. माझं डोकंच फिरलं.

शेवटच्या दुपारी नऊ पेशंट कमी पडत होते. गोदामातले दादा म्हणाले, "आमची नावं टाका की. कोण बघतंय?"

"खोटं नाव टाकणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "पण तीन महिन्यांत तुमच्यातलं एकही माणूस इथे का फिरकलं नाही?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. "तिथली खुर्ची ग्राहकांची आहे ना," मी म्हटलं.

आमच्याकडे नियमच तसा. ग्राहकांची लिफ्ट, ग्राहकांचा नळ आपण वापरायचा नाही. दवाखान्याचं कुणी काही सांगितलं नव्हतं, आम्हीच धरून चाललो होतो.

सिस्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, दादांचा खोकला मला रोज इथपर्यंत ऐकू येतो!"

दादा आधी गेले. मग गुडघे धरत सफाईच्या मावशी. संध्याकाळपर्यंत आठ जण झाले, आठही खरे. नववी मी, तोंड वाकडं करून.

दंडावरचा पट्टा सोडत सिस्टरांनी विचारलं, "किती वर्षं उभ्या आहात?"

"अकरा." मला एकदम रडूच आलं. हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

दवाखाना राहिला. डॉक्टरांनी माझ्या कागदावर रक्तदाबाची गोळी लिहिली, आणि सिस्टरांच्या सांगण्यावरून खाली एक ओळ: काउंटरवर बसायला खुर्ची द्यावी. मॅनेजरसाहेबांनी कागद दोनदा वाचला आणि खुर्ची आणवली.

आता मी बसून बिल करते. रांगेत कुणाचे पाय सुजलेले दिसले की साबणांच्या कपाटाकडे बोट दाखवते. काही जणी म्हणतात, "तुम्ही तुमचं बघा."

म्हणू देत. मी पुन्हा सांगते.