बेटावर धुकं उतरलं तेव्हा

बाबा गेल्यानंतर सहा महिने मी देवापुढे हात जोडले नव्हते. २००४ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा अमेरिकेत पिस्कॅटवेला राहत होतो. नागपूरहून बाबांच्या आजारपणाचा फोन आला, तेव्हा माझ्या व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलेलं होतं. मिलिंद, माझा नवरा, म्हणाला, "दहा दिवस थांब. अप्रूव्हल येऊ दे. आत्ता गेलीस तर परत येणं कठीण होईल." मी थांबले. पाचव्या दिवशी बाबा गेले. त्या पाच दिवसांत दत्तमहाराजांना मी किती विनवलं, ते माझं मलाच ठाऊक. त्यानंतर देवाशी बोलणं सोडलं आणि मिलिंदशीही कामापुरतंच बोलायला लागले. तो ऑफिसला गेला की अपार्टमेंटमध्ये दिवसभर फक्त फ्रिजची घरघर ऐकू यायची.

सप्टेंबरमधल्या एका शनिवारी तो मला ब्लॉक आयलंडला घेऊन गेला. पहाटे निघून लांबचा ड्राइव्ह, मग फेरीबोट. बेटावर स्कूटर भाड्याने मिळते, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष आम्ही पुण्यात स्कूटरवरच हिंडलो होतो. त्यातलं काही परत येईल, असं त्याला वाटलं असावं. मी मागे बसले, पण त्याच्या खांद्यावर हात न ठेवता सीटमागची कडी धरून. दोन्ही बाजूंना दगड रचून केलेली कुंपणं, कुरणं, मध्येच लख्खकन दिसणारा समुद्र. "मस्त आहे ना?" तो दर वळणावर विचारायचा. मी हेल्मेटच्या आतून 'हं' म्हणायचे.

दुपारी दक्षिणेकडच्या कड्यांपाशी थांबून आम्ही घरून आणलेले पराठे खाल्ले. समुद्राकडे बघत तो सहज म्हणून गेला, "तुझ्या आईबाबांना इथे आणायचं राहिलंच."

"तू थांब म्हणालास, मिलिंद," मी म्हटलं. सहा महिने गिळलेलं वाक्य शेवटी बाहेर पडलं. "आता तू जा. मला जरा एकटीला राहू दे."

दीपस्तंभापर्यंत जाऊन अर्ध्या तासात येतो, एवढं सांगून तो स्कूटरवरून निघाला. आणि थोड्याच वेळात समुद्रावरून धुकं आलं. कडा दिसेना, मग समोरचा रस्ताही दिसेना. अर्धा तास गेला, तास गेला. मोबाइलला रेंज नव्हती. मी रस्त्याच्या कडेकडेने चालत निघाले. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. या देशात मला ओळखणारं, मी हरवले तर शोधणारं एकच माणूस होतं, आणि त्यालाच मी जा म्हटलं होतं. चालता चालता थांबले आणि मोठ्याने बोलले, "महाराज, बाबांच्या वेळी मी सांगत होते तसंच करा म्हणून हट्ट धरला होता. आज काही सांगत नाही. तुम्हीच बघा."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. धुक्यातून पिवळे दिवे आले आणि एक जुना पिकअप ट्रक माझ्याजवळ थांबला. सत्तरीच्या एका बाईने काच खाली केली. "स्कूटरवाला तुझा नवरा का? बस. घाबरू नकोस, हाडबिड मोडलेलं नाही. पण तुला शोधायला उठून चालायला लागला होता, म्हणून मीच आले."

वळणावरच्या खडीवर स्कूटर घसरली होती. मिलिंद कुंपणाच्या दगडांवर बसला होता, कोपर आणि तळहात सोललेले. त्या बाई पूर्वी नर्स होत्या. फेरीच्या धक्क्यावर जाताना नेहमीचा रस्ता सोडून आज इकडून का आले ते मलाच कळलं नाही, असं म्हणत त्यांनी औषधांचा डबा उघडला. "याचा दुसरा हात घट्ट धर. आता खडे काढायचेत." मी तो हात धरला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मिलिंद रडायला लागला. "मी तुला जाऊ द्यायला हवं होतं गं. तू परत आलीच नाहीस तर, याची भीती वाटली मला."

"मीही थांबलेच ना," मी म्हटलं. "मलाही भीती वाटली होती."

बाईंना मराठी कळत नव्हतं. त्या मान खाली घालून शांतपणे खडे काढत राहिल्या. स्कूटर परत करायची व्यवस्था करून त्यांनीच आम्हाला फेरीवर सोडलं. गडबडीत नाव विचारायचं राहून गेलं. त्या माझी हाक ऐकून आल्या की नुसत्याच आल्या, याचा मी खल करत नाही. त्या आल्या.

रविवारी सकाळी मी आईला फोन लावला. "बाबांचे शेवटचे दिवस सांग." इतके महिने मी तो विषय निघू दिला नव्हता. आईने काही लपवलं नाही. "रोज विचारायचे, निघाली का म्हणून. मी हो म्हणायचे." मला वाटायचं, हे ऐकलं तर मी मोडून पडेन. रडले, पण ऐकलं. मिलिंद पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून शेजारी बसून होता. बाबांपर्यंत पोहोचणं माझ्या हातून झालं नाही, ते होणारही नाही. ते दुःख काढून घे, असं मी देवाला म्हणत नाही. फक्त त्याच्या पायाशी ठेवते, आणि रोज थोडा वेळ तिथे बसते.