बोटीच्या बॅगेत विहिरीचा दोर

बॅग भरायला घेतली की माझं डोकं फिरतं, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. माझा नवरा तर त्या दिवशी मुद्दाम बाहेरची कामं काढतो. गॅसचा नंबर, गाडीचं पंक्चर, काहीही. पण या वेळी त्याला सुटका नव्हती. मी मालदीवला चालले होते, आणि तिथं हॉटेलात नाही, आठवडाभर एका बोटीवर राहणार होते. बोटीवरच खायचं, बोटीवरच झोपायचं आणि दिवसातून तीन-तीनदा हवेची टाकी पाठीला बांधून समुद्रात उतरायचं. अशा सहलीची बॅग भरताना एकट्या बाईचे हात पुरत नाहीत.

मी लातूरला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. फळ्यावर माशाचे कल्ले काढून काढून माझे खडू झिजले. मग अंदमानला फिरायला गेलो तेव्हा स्कूबा शिकले आणि जिवंत मासा डोळ्यांसमोर कल्ले हलवताना पाहिला. त्या दिवसापासून वेडच लागलं म्हणा ना. क्लासमधले सर लोक चिडवतात, "मॅडम, आधी आपल्या नळाला पाणी कधी येणार ते बघा, मग समुद्राचं बघू." मी त्यांना सांगते, तुम्ही बसा टँकरची वाट बघत.

तर बॅग. पहिली गोष्ट, कडक सुटकेस चालत नाही. बोटीवरची खोली आपल्या देवघराएवढी, तिथं सुटकेस ठेवणार कुठं? मऊ बॅग न्यायची, रिकामी झाली की घडी घालून पलंगाखाली सारायची. कपडे अगदी मोजके. पोहायचे मात्र दोन जोड हवेतच, एक अंगावर आणि एक वाळत, नाहीतर ओला कपडा पुन्हा अंगात चढवताना जी शिरशिरी येते ती मी अंदमानात भोगली आहे. मास्क स्वतःचा, कारण माझा चष्म्याचा नंबर त्याच्या काचेत बसवून घेतलाय. पायात घालायचे पंख, अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट, वर आल्यावर वारा लागू नये म्हणून जाकीट, उलटीच्या गोळ्या, कानाचे थेंब. आणि एक नारिंगी रंगाचा लांबुळका फुगा. प्रवाहानं कुठं भलतीकडं नेलं तर पाण्यातूनच तो फुगवून वर सोडायचा, म्हणजे बोटवाल्यांना कळतं की बाई इथं आहे.

हे सगळं मी पलंगावर मांडून बसले होते, नवरा हातात सामानाचा काटा घेऊन उभा होता, आणि तेवढ्यात दादा आणि आई आले. दादा म्हणजे माझे वडील. भोकरजवळ आमचं शेत आहे, दोघं तिथंच राहतात. नांदेडला एसटी बदलून खास मला वाटेला लावायला आले होते. आईच्या हातात धपाट्यांचा डबा आणि ठेच्याची बरणी. दादांच्या खांद्यावर खताची पांढरी पिशवी.

"पिशवीत काय हाय दादा?" त्यांच्याशी बोलताना माझी मराठी आपोआप गावाकडं वळते.

"दोर," दादा म्हणाले.

इथं दोराचं सांगितलं पाहिजे. आमच्या शेतातली विहीर पायऱ्यांची, ऐसपैस. उन्हाळ्यात दादा गावातल्या सगळ्या पोरांना तिथं पोहायला शिकवायचे. पोराच्या पाठीला वाळलेले भोपळे बांधायचे, कमरेला अंबाडीचा दोर, आणि दोराचं दुसरं टोक दादांच्या हातात. पाण्यातून एक हिसका दिला की दादा वर ओढायचे. तो दोर त्यांनी स्वतः वळलेला. शेजाऱ्यानं एकदा वासराला बांधायला त्यातला हातभर तुकडा मागितला, तर दादांनी त्याला नवं दावं आणून दिलं, पण दोराला विळा लावू दिला नाही. मला शिकवायला घेतलं तेव्हा गावातल्या बायका आईला म्हणाल्या, पोरीला कशाला ही थेरं? दादा म्हणाले, पाणी काय पोरगा हाय का पोरगी इचारून बुडवतंय का? आणि दिलं मला ढकलून. मी बोंबलले, नाकातोंडात पाणी गेलं, दोराला हिसका दिला. त्यांनी ओढलं. वर आल्या आल्या मी त्यांच्यावर जी चिडले, त्याची नक्कल दादा अजून पाहुण्यांसमोर करून दाखवतात.

तोच दोर आता माझ्या पलंगावर येऊन पडला.

"दादा, समुद्रात दोर नेत नसतात."

"का बरं?"

मग मी त्यांना समजावत बसले. सूट अंगावर असला की माणूस तरंगतो, म्हणून खाली जायला कमरेला शिसं बांधतात.

दादा ऐकतच राहिले. "आमी पोरांनी बुडू नये म्हणून भोपळे बांधायचो. अन् तुमी बुडावं म्हणून शिसं बांधताव?"

नवरा फिसकन हसला. मी त्याच्याकडं असं बघितलं की तो काट्याशी खेळायला लागला.

दादांनी नारिंगी फुगा हातात घेतला, उलटापालटा केला. त्याला बांधलेली बारीक दोरी त्यांना दिसली आणि चेहरा जरा खुलला. "ही दोरी कुणाकडं असती?"

"माझ्या हातात."

"खालचं टोक तुझ्या हातात. अन् वरचं?"

"वर फुगाच असतो दादा. वरचं टोक कुणाच्या हातात नसतं."

"फुगा काय वढून काढणार हाय का बाई तुला?"

मी फुगा त्यांच्या हातून घेऊन गुंडाळायला लागले. आईनं चहा आणला तर दादा नको म्हणाले. चहाला नको म्हणणं म्हणजे आमच्या घरात मोठीच गोष्ट. चप्पल घालून ते खाली गेटपाशी जाऊन बसले. मला माहीत होतं, ते रुसले नव्हते. त्यांना भीती वाटत होती. मला समुद्रात जाऊ नको म्हणणार नव्हते, पण मी पाण्यात आणि आपल्या हातात काहीच नाही, हे त्यांना झेपत नव्हतं. आणि त्यांना तसं बघून मला अजूनच राग येत होता, कारण मला त्यांनी हसत हसत वाटेला लावायला हवं होतं. नवऱ्याचा होकार मला कधी लागला नाही, पण दादांचा लागतो.

इकडं आईनं दोन मोठ्या बाटल्या पाण्यानं भरून बॅगेत कोंबल्या होत्या.

"आई, मी समुद्रावर चालले!"

"त्ये खारं. प्यायच्या पाण्याचं म्हणते मी. लोकं काय सांगतेत अन् काय निघतंय."

दोरासकट बॅग काट्याला लावली. नवऱ्यानं मान हलवली. विमानवाले घेणार नाहीत. पाणी काढलं, पुन्हा लावली, तरी जड. मग माझं टाळकंच सरकलं. ठेचा काढू का, धपाटे काढू, का मीच जात नाही, असं मी मोठ्यानं ओरडले. ते खाली ऐकू गेलं असणार. दादा वर आले, बॅगेतला दोर उचलला आणि पिशवीत घातला. "तिचा ठेचा ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले, आणि पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेले. मी बॅगेची चेन तशीच अर्धी उघडी टाकून अंघोळीला गेले. निघताना पाया पडले तेव्हा त्यांनी पाठीवर हात ठेवला, पण "ये बाई" म्हणताना त्यांचा आवाज नेहमीसारखा लागला नाही. हैदराबादच्या विमानतळापर्यंत मला तो आवाज छळत राहिला.

बोटीवर चढताना आमच्या सगळ्यांच्या चपला एका टोपलीत घेऊन ठेवल्या. आठवडाभर अनवाणी राहायचं. मी दोन जोड नेले होते, उगीच वजन. मग तिथल्या माणसानं सांगितलं की गोडं पाणी यंत्रानं बनवतात, तेव्हा अंघोळीला जपून वापरा. बाकीच्यांची तोंडं उतरली. मला हसू आवरेना. लातूरच्या बाईला कोण सांगतंय पाणी जपून वापर म्हणून! मी अर्ध्या बादलीत डोक्यावरून न्हाते आणि उरलेल्यात सूट खळबळून काढते. आईच्या बाटल्या काढून ठेवल्याचं मात्र, खरं सांगते, वाईट वाटलं.

खोलीत येऊन बॅग उघडली. रबरी सूटच्या आत काहीतरी कडक लागलं. बाहेर काढलं तर दोर! पण सगळा नव्हता. अर्धा. एका टोकाला जुनी काळपट गाठ आणि दुसरं टोक ताजं कापलेलं, सुटू नये म्हणून घट्ट गाठ मारलेलं. आमच्या विळीवर बसून कापला असणार. वासराला हातभर न देणाऱ्या माणसानं माझ्या बॅगेचं वजन जास्त भरू नये म्हणून दोर मधोमध कापला होता. मी खोलीत एकटीच "काय माणूस आहे हा!" असं ओरडले. चिडले, हसले, आणि रडलेही.

पण दोराचा उपयोग झाला बरं का. बोटीवर सगळ्यांची एकच अडचण, ओले कपडे वाळत घालायचे कुठं? कठड्यावर टाकले की वारा उडवून नेतो. मी मागच्या बाजूला दोर ताणून बांधला आणि पिळाच्या मधून कपड्याचा बंद ओवायला शिकवलं, दादा पटके वाळत घालतात तसं. दुसऱ्या दिवसापासून बोटीवरच्या सगळ्यांचे पोहायचे कपडे आमच्या विहिरीच्या दोरावर. शेवटी बोटीचा कप्तान तो दोर मागायला लागला. मी म्हटलं, छट्!

एके दिवशी खाली प्रवाह जोरात होता. एक मोठं कासव दिसलं आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. त्याच्या मागं जरा गेले, वळून बघते तर आमची माणसं नाहीत. शिकवलंय तसं थांबले, चहूकडं बघितलं. निळंच निळं. मग नारिंगी फुगा फुगवून वर सोडला, दोरी हातात धरली आणि सावकाश वर आले. डोकं पाण्याबाहेर काढलं तर बोट लांब, लाटांच्या आड येत-जात होती. बोटीबरोबरची छोटी होडी मला शोधत येणार हे मला माहीत होतं. पोरांना शिकवताना मी सांगते, घाबरलं की श्वास वाढतो. माझाही वाढला होता. त्या बारीक दोरीच्या दुसऱ्या टोकाला नुसता फुगा होता, आणि दादांनी नेमकं हेच विचारलं होतं. मी दोरीला हिसका दिला. लहानपणी द्यायचे तसा. "दादा," असं मोठ्यानं म्हणाले सुद्धा. ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून लाजही वाटली नाही. मग श्वास लागला ताळ्यावर. होडी आली, त्यांनी मला ओढून घेतलं.

बोटीवर फोनला रेंज नव्हती. किनाऱ्याला लागल्यावर पहिला फोन आईला केला, म्हटलं सुखरूप आहे, लातूरच्या आधी तुमच्याकडं येते. हैदराबादहून रेल्वेनं नांदेड, तिथून एसटीनं भोकर, आणि तिथून रिक्षा. खाऱ्या पाण्यानं वाळून काठीसारखा झालेला दोर पिशवीत होता. दादांशी भांडायचं हे वाटेतच ठरवलं होतं. कापलाच कशाला? मी नेला असता की सगळा, दोन जोड चपला काढून!

घरी आई एकटीच. "त्येंला काय इचारतीस," ती म्हणाली. "तू गेल्यापासून दिवस मावळायच्या आत रोज विहिरीवर जाऊन बसतेत. मी लई सांगितलं, लोकं हासतील. तुझा फोन आल्याचं सांगितलं तर म्हणले, आधी डोळ्यानं बघू दे. ऐकतेत होय?"

मी शेतात गेले. दादा विहिरीच्या कठड्यावर बसले होते, पाठमोरे. हातात दोराचा राहिलेला अर्धा तुकडा, एक वेढा मनगटाला घेतलेला, आणि दुसरं टोक खाली पाण्यात सोडलेलं. मी भांडायला तोंड उघडलं होतं. निघालं भलतंच.

"दादा, हे काय करून राहिलात?"

त्यांनी वळून मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. सगळी आहे ना, असं. लाजलेबिजले काही नाहीत.

"पोरगी पाण्यात हाय म्हटल्यावर," ते म्हणाले, "दोर कुनीतरी धराया पायजे का न्हाई?"

मी त्यांच्याशेजारी बसले आणि लहान पोरीसारखी रडले. माझा तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो चाचपला, वास घेतला, "कडक झालाय की गं," म्हणाले. मग पाय रोवून उभे राहिले आणि आपलं पाण्यातलं टोक वर ओढायला लागले. एक हात, मग दुसरा हात, सावकाश, पोराला कठड्याचा धक्का लागू नये म्हणून ओढायचे तसं. टोक वर आलं, रिकामं, पाणी गळत. ते त्यांनी धोतराला पुसलं.

"चला," म्हणाले, "आली वर."