हाफ क्लचवरची मिरवणूक

माझी जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार चढावर नुसतीच ओरडायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की आवाज वाढायचा, वेग मात्र तेवढाच. मी ती उचगावच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी हँडब्रेक ओढला, टॉप गिअर टाकला आणि हळूहळू क्लच सोडला. क्लच चांगला असता तर इंजिन तिथंच बंद पडलं असतं. ते आरामात चालत राहिलं.

“क्लचप्लेट संपली की,” मिस्त्री म्हणाले. “लई पळवताय जणू.”

मला रागच आला. साठच्या वर मी ती कधी नेली नव्हती. रोज सकाळी कळंबा तलावापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच, असं मी त्यांना सांगितलं.

“मग वाटेत वळकीचं किती भेटत्यात?”

मग मी खरं ते सांगून टाकलं. फिरायला निघालेला प्रत्येक जण हात करून विचारायचा, लिटरला किती देती? थांबलं तर तास जातो, न थांबता गेलं तर डोक्यात हवा गेली म्हणतात. म्हणून मी क्लच अर्धा दाबून, काच खाली करून, त्यांच्या चालीनं गाडी चालवत बोलायचो.

“पळायची गाडी वरातीला लावलीसा,” मिस्त्री म्हणाले. “अर्ध्या दाबात प्लेट घासून मरती. हितनं पुढं पाय क्लचवर ठेवायचा न्हाय.”

मी मान खाली घालून ऐकलं. नवी प्लेट बसल्यावर ते ट्रायलला शेजारी बसले. मी क्लच पूर्ण सोडून गाडी झकास पळवली. चौक जवळ आला तसे मिस्त्री केस सारखे करत म्हणाले, “पावणं, जरा हळू घ्या. टपरीवर आमचं मेव्हणं बसल्यात.”