बाबांच्या साच्याचा आवाज

माझ्या नवऱ्याच्या मामांइतका गप्प राहून बडबड करणारा माणूस अख्ख्या ओमानात शोधून सापडायचा नाही. अल मवालेहच्या भाजीबाजारात मी एका टोकाला आणि ते दुसऱ्या टोकाला असले, की ते हाक मारत नाहीत. नुसते ओठ हलवून, हात नाचवून विचारतात, भेंडी घेऊ का? लोक बघत राहतात, मी लाजून मान डोलावते आणि घरी कारली येतात. त्यांचे वडील मुंबईच्या गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. त्या गोंगाटात सगळे ओठांनीच बोलायचे, आणि पुढे वडिलांचे कान गेल्यावर घरातही तीच भाषा राहिली.

दुसरी खोड किल्ल्यांची. निझवा असो की बहला, कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास आणि खजुराचा डबा घेतल्याशिवाय मामा पायरी चढत नाहीत. आत गेल्यावर किल्ला राहतो बाजूला आणि रखवालदाराबरोबर बैठक जमते. पाहुणे उन्हात करपतात ते करपतातच. वर मामा ऐकवतात, भिंती कुठं पळून जातात, माणूस पाळी संपली की घरी जातो.

माझ्या लेकीला कॉलेजात सोडायला इंग्लंडात लँकेशायरला जायचं ठरलं, नवऱ्याला रजा मिळेना, तेव्हा मामा स्वतःहून माझ्याबरोबर यायला तयार झाले. त्यांच्या बाबांच्या साच्यावर लँकेशायरचं नाव ओतलेलं होतं. बाबांची गिरणी केव्हाच पाडली, पण लँकेशायरच्या एका जुन्या गिरणीत अजून साचा चालवून दाखवतात, हे त्यांनी लेकीकडून काढून घेतलं होतं. त्यांना तो आवाज एकदा ऐकायचा होता. तिथं लेकीने हौसेनं कालव्याचे दरवाजे दाखवले, कोळशाची खाण दाखवली, वाफेचं इंजिन दाखवलं. मामा आपले 'छान, छान, यल्ला, चला' म्हणत पुढे.

गिरणी ठेवली होती शेवटच्या दिवसाला. पोचलो तर दारातल्या आजीबाई म्हणाल्या, चालवणारा आजारी आहे, आज साचा बंद. संध्याकाळी आमची विमानतळाची बस. मामांचा चेहरा एवढासा झाला. मी भांडायला पदर खोचला होता, पण त्यांनी मला गप्प केलं आणि थर्मास उघडला.

आमच्या ओमानात कहवा पुरे झाला की पेला हलवून परत द्यायचा असतो. त्या बिचारीला काय ठाऊक? तिने पेला रिकामा केला की मामा भरायचे, मामांनी भरला की ती सभ्यपणे प्यायची. थर्मास खलास झाला तेव्हा कुठे दोघं थांबली. मग ती सांगायला लागली, की तरुणपणी तीही गिरणीत साच्यावर होती आणि तिलाही आता कमी ऐकू येतं. मामांनी आवाज बंद केला. ओठांनी, हातांनी सांगितलं: माझे वडील, साचा, कान. बाईनं त्याच भाषेत काहीतरी उत्तर दिलं, आत जाऊन साहेबांना विचारून आली आणि स्वतःच साच्याचा दांडा ओढला.

अगं बाई, पायाखालची फरशी थरथरायला लागली. लेकीने कानांवर हात ठेवले. मामा डोळे मिटून उभे होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"हा एका साच्याचा आवाज," बंद झाल्यावर ते म्हणाले. "बाबांच्या खात्यात रांगाच्या रांगा होत्या. मी पहिल्यांदा मस्कतला निघालो, तर विमानतळावर काचेपलीकडून सगळ्यांचे नातेवाईक ओरडत होते. माझे बाबा नुसते ओठांनी म्हणाले, जेवत जा. त्या गर्दीत मला एकट्यालाच सगळं कळलं."

त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं. देव तिला सुखात ठेवो, आमच्या माणसाला तिने केवढं देऊन टाकलं.

संध्याकाळी आम्ही बसमध्ये बसलो आणि लेक खाली उभी राहिली. मी काचेआडून सूचनांवर सूचना ओरडत होते, तिला एक अक्षर कळत नव्हतं. मामांनी मला बाजूला केलं, काचेशी वाकले आणि नुसते ओठ हलवले.

मराठीचं एक वाक्य धड पुरं न करणारी माझी लेक. तिने ओठ हलवूनच उत्तर दिलं, "तुम्हीपण."