आवाज वर, झीज खाली

सुदाम गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत आठवीच्या वह्या तपासत होतो. "भाऊजी, हे गेले..." एवढंच सुमनवहिनी बोलल्या आणि फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला. कारखान्यात मशीनजवळ उभा असतानाच तो खाली बसला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टर म्हणाले. मी हातातल्या लाल पेनाकडे बघत राहिलो. माझ्या नखांत काळं ग्रीस होतं. तीन दिवसांपूर्वी, रविवारी, त्याच्या सायकलचं काम करताना गेलेलं. साबणानं निघालं नव्हतं.

सुदाम बजाजनगरला राहायचा आणि वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होता. त्याच्या वडलांनी जन्मभर मेंढरं राखली. "बापानं जिल्हा पायानं मोजला, मी चाकानं मोजतो," असं तो म्हणायचा. आमची ओळख हर्सूल तलावाच्या काठावर झाली. मला साखर निघाली म्हणून मी गारखेड्याहून रविवारी सकाळी सायकल काढू लागलो होतो. त्या दिवशी चेन पडली आणि मी ती हात काळे होऊ नयेत अशा बेतानं दोन बोटांनी बसवत होतो. मागून आवाज आला, "मास्तर दिसता." मी विचारलं, कशावरून? "चेन खडूवानी धरलीय." त्यानंतर सात वर्षं आमचे रविवार एकत्र गेले. तलावापलीकडच्या दगडगोट्यांच्या वाटांवर तो पुढं असायचा आणि मी त्याच्या चाकाची धूळ खात मागं.

त्याची सायकल डोंगरवाटांसाठीची होती, जुनी घेतलेली. पुढच्या चिमट्याला दोन्ही बाजूंनी शॉकप होते. म्हणजे वरचे दोन पाईप खालच्या नळ्यांत सरकायचे आणि खड्ड्याचा दणका आतली स्प्रिंग गिळायची. या वर्षी सायकल टकटक वाजू लागली. आवाज हँडलमधून यायचा, म्हणून आम्ही हँडलखालचा कप दोनदा आवळला. आठवडाभर गप्प, की पुन्हा टकटक. आणि त्याच दिवसांत एकदा चढ संपल्यावर तो सायकलवरून उतरला, डावा खांदा दाबत दगडावर बसला. "लई धरतोय मास्तर. चढावर तर हात जड पडतो."

मी विज्ञान शिकवतो. मी तिथंच त्याचा तास घेतला. शॉकप गेलाय, दणका स्प्रिंग खात नाही, तो हातात येतो, हातातून खांद्यात. मला माझं उत्तर इतकं आवडलं होतं! "व्हय, तेच असंल," सुदाम म्हणाला. आता रोज मनात येतं... चढावर सायकल चालते किती? माणसाच्या पावलानं. त्या वेगाला दणके कुठले? सातवीतल्या पोरानं हे लिहिलं असतं तर मी लाल फुली मारली असती.

तर त्या शेवटच्या रविवारी आम्ही त्याच्या घराच्या गॅलरीत बसलो. त्यानं पुढचा ब्रेक घट्ट दाबला, पाईप नळीत शिरतो त्या सांध्यावर माझं बोट ठेवलं आणि सायकल पुढं-मागं हलवली. बोटाखाली टक झालं. मग तेच बोट हँडलच्या कपावर ठेवलं. तिथं काहीच हललं नाही. "बघा. आवाज वर येतो, झीज खाली असती. मानूस ऐकू येतं तिथंच पाना लावतो." त्यानं चाक काढलं, खालचे बोल्ट ढिले करून त्यांवर लाकडी हातोडीनं हलके ठोके दिले आणि नळ्या ओढून काढल्या. आतलं तेल चहाच्या चोथ्यासारखं काळं झालं होतं. पाईपला धरून ठेवणारे बुश एका बाजूनं पार झिजलेले. नवे बुश, नवी सीलं, नवं तेल घातलं; पुसापुशी माझ्याकडे होती. मधेच तो थांबला, भिंतीला टेकला. घाम फुटलेला. "दमलास काय रे म्हाताऱ्या?" मी म्हणालो. तो हसला.

सायकल घेऊन तो गल्लीत एक फेरी मारून आला. मी विचारलं, "आता?" "हाताला कायच लागंना. लोण्यावानी चालतीय." मग जरा थांबून म्हणाला, "पण खांदा हायेच..." मी म्हणालो, "जुनं दुखणं आहे, उतरायला दोन दिवस लागतील." त्याच्याशी माझं ते शेवटचं बोलणं.

तेराव्याला वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊजी, खांदा दुखतोय म्हणून तुमाला बोलले होते का कधी?" मी म्हणालो, "नाही." माझ्या तोंडातून तो शब्द इतका पटकन निघाला की मलाच माझी भीती वाटली. त्यांनी मान खाली घातली आणि पंगत बघायला आत गेल्या.

हे लिहायला घेतलं आणि तिथंच अडलो. छापून आल्यावर त्यांना कळावं, हे बरं नव्हे. म्हणून गेल्या रविवारी गेलो आणि सगळं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "मला बी बोलले होते. मी रोज बाम चोळायची. शनिवारी म्हणले, दाखवून येऊ का? मी म्हणलं, मास्तर उद्या सायकल नीट करणारेत ना, मग दुखायचं राहील..." पदर तोंडाशी धरून त्या म्हणाल्या, "तुमी नाय म्हणलात. मला वाटलं, मला एकटीलाच ठावं होतं."

महिनाभर ती बाई एकटी ते ओझं घेऊन बसली होती, माझ्या एका शब्दामुळे.

सायकल गॅलरीतच होती. सीटवर त्याचा हात पुसायचा फडका तसाच. मी पुढचा ब्रेक दाबला, सांध्यावर बोट ठेवलं आणि पुढं-मागं हलवून बघितलं. वहिनी दारात उभ्या होत्या.

"वाजती का?"

"नाही," मी म्हणालो. या वेळी ते खरं होतं.